आज रोख, उद्या मार्ट!

पूल ओलांडला की सगळं स्वस्त मिळतं. मग पुलाच्या अलीकडे उरतं काय? कोपरीतल्या एका वाण्याच्या वहीचा हा हिशेब...

कोपरी हे बेट आहे. नकाशावाले कदाचित मान्य करणार नाहीत, पण कोपरीकरांना विचारा! पश्चिमेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला हायवेवर आनंदनगरचा टोलनाका. ठाण्याच्या बाजारात गाडीने जायचं तर कोपरी पूल, पायी जायचं तर स्टेशनवरचे पादचारी पूल. म्हणूनच आमच्याकडे आजही लोक ‘जरा ठाण्यात जाऊन येतो’ असं सहज म्हणून जातात. अरे, मग आपण राहतो ते काय डोंबिवलीत? पण नाही. ठाणे म्हणजे रुळांच्या पलीकडचं ठाणे. आम्ही ‘ईस्ट’वाले.

तसं पाहिलं तर जुनं ठाणे शहरच मुळात साष्टी बेटावर वसलेलं. म्हणजे आम्ही बेटावरचं बेट! १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले आणि चेंदणी कोळीवाड्याचा एक तुकडा रुळांच्या इकडे, एक तिकडे झाला. फाळणीनंतर कोपरी कॉलनीत सिंधी निर्वासित आले. पुढे कोकणातले, घाटावरचे नोकरदार आले, कच्छी-मारवाडी दुकानदार आले. अरुंद कोपरी पूल वर्षानुवर्षं तुंबलेला असायचा, त्यामुळे जे लागेल ते इथल्या इथे घ्यायची आम्हाला सवय लागली. पीठ इथल्याच गिरणीतलं, मासळी इथलीच, आणि किराणा अर्थातच कोपऱ्यावरच्या शेठकडचा.

आता तो पूल आठ पदरी झालाय. २०२३ साली तो पूर्ण खुला झाला आणि पलीकडचे मोठे मार्ट एकदम जवळ आले. दक्षिणेला मुलुंड तर काय, एक स्टेशन. आणि ज्यांना तेवढंही जायचं नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर अॅप आहेच. बेटाला आता सगळीकडून धक्के लागलेत. माल उतरतोय, स्वस्त उतरतोय. मग तक्रार कसली?

तक्रार नाहीच. पण वहीचा एक हिशेब आहे, तो सांगायचाय.

लिहून ठेवा!

२००४ साली मी दुसरीत होते. बाबा ज्या कंपनीत होते ती वागळे इस्टेटमधली कंपनी त्या वर्षी बंद पडली. आज हे वाक्य लिहायला पाच सेकंद लागतात. तेव्हा बाबांना दुसरी नोकरी मिळायला अकरा महिने लागले. शेवटच्या दोन पगारांचं आणि ग्रॅच्युइटीचं काय झालं, हा आमच्या घरात अजूनही न काढायचा विषय आहे.

त्या अकरा महिन्यांत आमच्याकडे तांदूळ, डाळ, तेल, साबण सगळं आलं. कसं आलं? शेठच्या वहीत लिहून आलं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, त्यात आमच्या नावाचं पान. दुकानात जायचं, यादी द्यायची आणि म्हणायचं, ‘लिहून ठेवा.’ बाबा नोकरीला लागले तेव्हा त्या पानावर एकोणीस हजार आणि वर काहीतरी रक्कम होती. पुढची दोन वर्षं बाबांनी ती थोडी थोडी करून फेडली. शेठने त्यावर एक पैसा व्याज लावलं नाही.

आता लगेच डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका. कारण शेठ काही संतमाणूस नव्हते. आई सामान आणायला मला पाठवायची, कारण लहान मुलीला कोणी जाब विचारत नाही असं तिला वाटायचं. पण शेठ विचारायचे! भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, काट्यावर साखर टाकता टाकता म्हणायचे, ‘बेबी, आईला सांग, मागचे बाराशे राहिलेत.’ मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. कोणाकडे किती थकलंय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं. वहीत पान असणं म्हणजे घराचा दरवाजा थोडा उघडा असण्यासारखं होतं.

आणि जरा मोठं झाल्यावर आणखी एक ताप. सॅनिटरी पॅड मागायचे तर आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघायची. मग शेठ दुसरीकडेच बघत तो पुडा वर्तमानपत्रात गुंडाळणार, वर काळी पिशवी चढवणार, जणू काही स्मगलिंगचा माल! मैत्रिणींनो, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे अनुभवलंय, मला माहितेय. पहिल्यांदा मार्टमध्ये गेले तेव्हा पॅडची अख्खी भिंत बघून मी दहा मिनिटं तिथेच उभी होते. हातात घ्या, मागचं वाचा, किंमत बघा, नको तर परत ठेवा. कोणी विचारणार नाही. हे स्वातंत्र्य आहे, आणि ते मला मार्टने दिलं. शेठने नाही.

ट्रॉलीची जादू

बाबांची नोकरी गेली त्याच २००४ साली मुलुंडच्या निर्मल लाइफस्टाइलमध्ये ‘शॉपराइट’ सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या साखळीचं, डोळे दिपवणारं हायपरमार्केट. आम्ही ते बघायला गेलो होतो. खरेदीला नाही हां, बघायला! एसीत तासभर फिरलो, धाकट्या भावाने ट्रॉलीत बसून घेतलं आणि शेवटी एक ब्रेडचा पुडा घेऊन आम्ही चौघं लोकलने घरी आलो. २०१० पर्यंत शॉपराइटने भारतातला गाशा गुंडाळलासुद्धा.

पण ट्रॉली राहिली. २००१ मध्ये किशोर बियाणींचा बिग बझार आला, २००२ मध्ये राधाकिशन दमाणींचा पहिला डी-मार्ट पवईत उघडला. चेन्नईची ‘सुभिक्षा’ तर गल्लीबोळात सोळाशेच्या आसपास दुकानं काढून बसली आणि २००९ मध्ये पैसे संपल्यावर झटक्यात बंद झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला दार उघडलं, तेव्हा २० तारखेला देशभर बंद झाला. आदल्याच दिवशी गणपती बसले होते, त्यामुळे आपल्याकडे तो बंद तसा थंडच. पण शेठच्या दुकानात महिनाभर एकच विषय होता, वॉलमार्ट! वॉलमार्ट येणार आणि सगळ्यांना गिळणार.

गंमत अशी, की वॉलमार्टचं तुमच्याआमच्यासाठीचं किराणा दुकान आपल्याकडे कधी आलंच नाही. आला तो आपला इथलाच माणूस. त्याहून मोठी गंमत म्हणजे दमाणींनी या धंद्यातली बाराखडी गिरवली ती १९९९ च्या सुमारास नेरुळमध्ये ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून. आणि अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेलं सहकारी दुकान! १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत आठवा. यादी आधी द्यायची, माल एकत्र यायचा आणि सगळ्यांनी मिळून एखाद्याच्या घरी तो वाटून घ्यायचा. म्हणजे चार पैसे वाचवायची आणि निवडक माल घ्यायची हौस आपल्याला मार्टने लावलेली नाही. ती आपली जुनीच. मार्टने तिला एसी लावला, एवढंच.

आणि मार्टचं गणित सॉलिड आहे, हे मान्य करायला हवं. डी-मार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत, म्हणजे भाड्याचा ताप कमी. माल प्रचंड प्रमाणात उचलायचा, पुरवठादाराचे पैसे झटपट द्यायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा आणि तो फायदा काही प्रमाणात गिऱ्हाइकाला द्यायचा. शोभेवर खर्च नाही. ३१ मार्च २०२५ रोजी त्यांची देशात ४१५ दुकानं होती. ही काही फसवणूक नाही, मेहनतीने बसवलेला धंदा आहे.

मीही आईबरोबर मुलुंडला जाते. एकदा हौस म्हणून मी एकच यादी दोन्हीकडे लावून बघितली. शेठकडे ४,३१० रुपये, मार्टमध्ये ३,८४५. सरळ ४६५ रुपयांचा फरक! येतानाच्या रिक्षाचे १८० गेले. तरी वाचलेच की! मग बिलाच्या तळाशी बघितलं. यादीत नसलेल्या वस्तू ६९० रुपयांच्या. त्यात एक प्लास्टिकचा डबा होता. आमच्याकडे प्लास्टिकचे एकोणीस डबे आहेत.

तेवीस दिवस कोण चालवतं?

हे सगळं तुम्हालाही माहीत आहे. मार्ट स्वस्त, वाणी जवळ. मार्टमध्ये रांग, वाण्याकडे गप्पा. दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या पुरवणीत हा लेख येतोच. मीही तोच लिहायला बसले होते, म्हणून शेठकडे गेले. पत्रकार म्हणून, वही-पेन घेऊन. शेठ आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत. दुकानात क्यूआर कोड आलाय, फ्रीज मोठा झालाय, पण काटा आणि वही तीच. मी विचारलं, ‘शेठ, मार्टमुळे धंदा किती कमी झाला?’

शेठ म्हणाले, ‘बेबी, धंदा कमी झाला त्याचं एवढं नाही. रोखवाले मार्टला गेले, उधारवाले माझ्याकडे राहिले. त्याने वाट लागली.’

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी मला अर्थशास्त्र इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं.

बघा हं. डिस्ट्रिब्युटर शेठना पैसे द्यायला सात दिवसांची मुदत देतो. वहीवालं गिऱ्हाईक तीस दिवसांनी पैसे देतं, तेही पगार वेळेवर झाला तर. मग मधले तेवीस दिवस दुकान कशावर चालतं? रोजच्या गल्ल्यावर. तुमच्यासारखा कोणीतरी येतो, पाच किलो तांदूळ, तेलाचा डबा, चहापत्ती घेतो, पैसे टाकतो आणि निघून जातो. त्या पैशांतून शेठ डिस्ट्रिब्युटरला गप्प करतात आणि वहीतल्या पानांना सांभाळून घेतात. ब्रँडेड मालावर आठ-दहा टक्के सुटतात, तेवढ्यात हे सगळं बसवायचं. शेठच्या अंदाजाने पूर्वी दहातले सात रोखीचे होते, तीन वहीतले. आता जवळजवळ उलटं झालंय.

म्हणजे शेठ बिनव्याजी उधार देत होते, असं मी वर म्हटलं, त्यात थोडी दुरुस्ती. ते व्याज होतं. फक्त ते आम्ही भरत नव्हतो. एमआरपीवर एक रुपया न सोडणाऱ्या शेठकडून रोखीने सामान नेणारी, आमच्याच गल्लीतली, नोकऱ्या शाबूत असलेली माणसं ते भरत होती. स्वतःला न कळता! २००४ मध्ये आमच्या घरी शिजलेल्या वरणभातात जोशीकाका, पाटीलकाकू टाइप सगळ्यांचे थोडे थोडे पैसे होते. आणि पुढे बाबा नोकरीला लागल्यावर आम्हीही कोणाच्या तरी वरणभातात थोडे थोडे घातले असणार.

आता त्या रोखवाल्या माणसाला मार्टने बेटाबाहेर नेलंय. त्याचे ४६५ रुपये वाचले, त्यात त्याची काहीच चूक नाही. पण मागे राहिलेल्या वहीला आता गल्ला पुरत नाही. म्हणून मागच्या वर्षापासून शेठनी नवीन पान उघडणं बंद केलंय. जुन्या गिऱ्हाइकांनाही ठरावीक रकमेच्या वर नाही. काउंटरवर पाटी आली, ‘आज रोख, उद्या उधार’. गंमत म्हणून सगळीकडे असते ती पाटी. शेठकडे ती पहिल्यांदाच खरी झाली.

मार्टमधली स्वस्ताई सगळ्यांसाठी आहे असं आपल्याला वाटतं. पण ती घ्यायला पहिल्या तारखेला हातात चार हजार असावे लागतात. घरी दहा किलोची गोणी ठेवायला जागा लागते. न्यायला-आणायला वेळ लागतो. शेठच्या दुकानासमोर रोज संध्याकाळी एक नाका कामगार येतो. पाव किलो तेल, अर्धा किलो तांदूळ, पाच रुपयांची चहापत्ती. किलोमागे तोच सगळ्यात जास्त पैसे मोजतो. त्याला ‘एकावर एक फ्री’ म्हणजे काय उपयोग? पहिलं एकच परवडत नाही.

चेक येतोय, चेक येतोय...

तुम्ही म्हणाल, हे झालं गरिबांचं. आपण तर आयटीवाले, बँकवाले, मीडियावाले. आपल्याला कुठे वही लागते?

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. म्हणजे लेख आज लिहायचा, छापून पुढच्या महिन्यात येणार आणि पैसे... ‘अकाउंट्सला पाठवलंय’! दोन वर्षांपूर्वी एका मासिकाकडे माझे चार लेखांचे पैसे साडेपाच महिने अडकले होते. बाबा रिटायर झालेले, भावाचं शेवटचं वर्ष. त्या साडेपाच महिन्यांतले तीन महिने घर पुन्हा शेठच्या वहीत होतं. तेच पान, फक्त आता ‘लिहून ठेवा’ म्हणणारी मी होते. शेठ म्हणाले, ‘तुझ्या बापाने फेडले, तू पण फेडशील.’ हे माझं क्रेडिट रेटिंग. एकवीस वर्षं जुनं आणि बापाकडून वारशाने आलेलं!

मार्टच्या कॅशियरला सांगून बघा, ‘ताई, माझा चेक पुढच्या महिन्यात येणार आहे.’ बिचारी काय करणार? तिच्या मशीनमध्ये त्यासाठी बटणच नाही.

आज आपल्यातले किती जण कॉन्ट्रॅक्टवर आहेत? कितीजणांना तीन महिन्यांची नोटीस नाही, तीन दिवसांचा मेल येतो? मग अशा वेळी आपण कुठे जातो? क्रेडिट कार्डाकडे. अॅपवरच्या ‘आत्ता घ्या, नंतर द्या’कडे. वेळेवर भरलं तर छान. थकलं, तर कार्डावर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. महिन्याला हं, वर्षाला नाही! शिवाय कार्डवाल्याला माझे बाबा माहीत नसतात. म्हणजे उधारी संपलेली नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून उठून मोबाइलमध्ये गेली, आणि जाताना महाग झाली.

हजाराची नोट कुठे फिरते?

आता पुन्हा बेटाकडे येऊ. खरीखुरी बेटं हा प्रश्न आपल्याआधी बघताहेत. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात ‘आइल ऑफ मॅन’ नावाचं बेट आहे. वस्ती साधारण ८४ हजार. तिथे अनेक दशकं बेटाची स्वतःची म्हणावी अशी किराणा साखळी होती. नाव ऐका, शॉपराइट! आपल्या मुलुंडच्या शॉपराइटशी तिचा काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या बलाढ्य ‘टेस्को’ने तिची नऊच्या नऊ दुकानं विकत घेतली. बेटावर टेस्कोचं एक मोठं दुकान आधीपासून होतंच.

बेटाचं दुखणं असं असतं, की बाहेरून येणारा माल सगळ्यांना दिसतो, बाहेर जाणारा पैसा दिसत नाही. माझे हजार रुपये शेठच्या गल्ल्यात पडले तर त्यांचं काय होतं, ते मी एकदा मोजायचा प्रयत्न केला. बहुतांश अर्थातच डिस्ट्रिब्युटरकडे आणि वाशीच्या बाजारात जातात, त्यात वाद नाही. साबण काही कोपरीत बनत नाही! पण काही भाग इथेच रेंगाळतो. घरपोच सामान देणाऱ्या पोऱ्याचा पगार. समोरच्या टपरीवरचा चहा, दिवसातून चार वेळा. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एक काकू भाजणी आणि चकल्या करतात, त्या शेठच्या काउंटरवर बरणीत असतात. काकूंचं ना पॅकिंग, ना बारकोड. मार्टच्या दारात त्यांना कोण उभं करणार? मग गणपतीची वर्गणी, क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस, शाळेच्या वह्यावाटपाला हातभार. यादी करा, लांबेल.

मार्टमध्ये दिलेल्या हजारातला आमच्याकडे परत येणारा भाग म्हणजे तिथे काम करणाऱ्या मुलामुलींचे पगार. तो भाग खरा आहे आणि मोठा आहे. माझ्या शाळेतली एक मैत्रीण अशाच एका दुकानात सुपरवायझर आहे. पीएफ आहे, आठवड्याची सुट्टी आहे. शेठच्या पोऱ्याला यातलं काहीच नाही. हेही हिशेबात धरायलाच हवं, नाहीतर आपण नुसते आठवणींचे उमाळे काढत बसू.

शिवाय आता मार्टच्याही पुढची पायरी आलीय. २०२१ च्या सुमारास झेप्टो, ब्लिंकिट वगैरे मंडळी दहा मिनिटांचं आश्वासन देत आली. कोथिंबीरसुद्धा बाइकवरून! ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय फेडरेशनने वर्षभरात देशात दोन लाखांच्या आसपास किराणा दुकानं बंद पडल्याचा अंदाज मांडला. वितरकांचं हितही यात गुंतलंय हे खरं. पण आमच्या रस्त्यावरच पाच वर्षांत किराण्याच्या तीन दुकानांची एक मोबाइल शॉपी, एक केकवाला आणि एक इस्टेट एजंट झालाय, हे मला कोणी सांगायला नको.

आणि साखळ्या कायमच्या असतात असंही नाही. २०२० मध्ये जो बिग बझार घराघरात ठाऊक होता, त्याची कितीतरी दुकानं २०२२ मध्ये रिलायन्सने ताब्यात घेतली आणि ते नावच पुसलं गेलं. साखळी तुटते तेव्हा एकदम तुटते. त्या वेळी बेटावर दुसरं दुकान उरलेलं असावं लागतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा आमच्या गल्लीला पहिल्या दिवशी तांदूळ कोणी दिला? शेठनी. अर्धं शटर वर करून, खडूने गोल आखून, आणि ज्यांचे पगार थांबले होते त्यांचं पुन्हा वहीत लिहून.

मग मार्टला जायचंच नाही का?

अहो, जायचं की! मी जाते, आई जाते. तेल, डिटर्जंट, टूथपेस्ट, पॅड तिथेच घेतो. महिन्याला तीनशे-चारशे वाचतात ते फ्रीलान्सरच्या घरात लहान नाहीत. ‘मार्टवर बहिष्कार’ वगैरे ओरडणं सोपं आहे, पण ज्यांचं बजेट काठावर असतं त्यांना ते सांगायचा मला हक्क नाही.

पण आम्ही यादीचे दोन भाग केलेत. डाळी, तांदूळ, पोहे, गूळ, काकूंची भाजणी आणि रोजचं सटरफटर शेठकडून. आणि मुख्य म्हणजे, चेक आलेला असला की रोखीने. लगेच, तिथल्या तिथे, क्यूआर कोड स्कॅन करून. आधी आम्ही उलटं करायचो. हातात पैसे असले की मार्ट, आणि नसले की शेठ. आपल्यातले बहुतेक जण हेच करतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉली भरून आणायची, आणि पंचविशीनंतर कडकी लागली की कोपऱ्यावर जाऊन म्हणायचं, ‘काका, लिहून ठेवा.’ यात दुकान जगायचं कसं?

आईला हे मी समजावून सांगायला गेले तर तिने पोळी लाटता लाटता एवढंच म्हटलं, ‘मला काय सांगतेस? पहिल्या तारखेला शेठकडे रोखीने साखर घ्यायची, हे मी तुझे बाबा परत नोकरीला लागल्यापासून करतेय.’ मी गप्प!

शेठचा मुलगा दुकान चालवणार नाही, हे जवळपास नक्की आहे. जागेला गिऱ्हाईक येऊन गेलंय, भाडंही चांगलं मिळेल. त्यांनी बंद केलं तर मी त्यांना दोष देणार नाही. सत्तरीनंतर सकाळी साडेसहाला शटर उघडायला कोणाला आवडेल? पण बंद करायचं तर ते थकले म्हणून व्हावं, गल्ला रिकामा म्हणून होऊ नये. त्यांच्या शेजारी अजून दोन दुकानं आहेत, त्यातला एक दुकानदार माझ्याएवढा आहे. त्याच्याकडे वही नाही, मोबाइलमध्ये उधारीचं अॅप आहे. त्यात आमच्या भागातली पन्नासेक नावं आहेत. कोणाची नोकरी गेलीय, कोणाचा पगार अडकलाय, कोणाकडे आजारपण आहे.

तुमच्याही कोपऱ्यावर असा एखादा असेल. या शनिवारी मार्टला जा, जरूर जा, ट्रॉली भरा. येताना त्याच्याकडे थांबून पाच किलो तांदूळ घ्या. दोन-चार रुपये जास्त पडतील. रोख द्या. आणि मागचं काही लिहिलेलं असेल, तर तेही आजच खोडायला सांगा.